फाटकावरचे सरकार

रखवाली करणाऱ्या माणसाला मराठीत नावांची वानवा कधीच नव्हती. गावात तो जागल्या होता, रामोशी होता. वाड्याच्या देवडीवर तो पहारेकरी होता. पेढीच्या दारात तो भय्या झाला, बंगल्याच्या दारात गुरखा झाला, पुढे वॉचमन झाला, आणि आता तो ‘सिक्युरिटी’ झाला आहे. ह्या शेवटच्या नावात एक गंमत आहे. आधीची सारी नावे माणसाची होती. हे नाव माणसाचे नव्हेच. ‘सिक्युरिटीला सांगा’, ‘सिक्युरिटी बघून घेईल’ असे आपण म्हणतो, तेव्हा आपल्या डोळ्यांपुढे थंडीत कानाला मफलर गुंडाळून स्टुलावर बसलेला कोणी गृहस्थ नसतो. एक खाते असते. आणि खाते म्हटले की वही आली, शिक्का आला, चौकशी आली, झडती आली! कोणत्याही विधिमंडळाला न विचारता आपण मंडळींनी अर्धे पोलीसखाते ह्या माणसाच्या हाती देऊन टाकले आहे. माझे भांडण आहे ते ह्या देणगीशी.

फराळाच्या ताटाशेजारी हे भांडण काढतो म्हणून वाचकांनी रागावू नये. रखवालदाराला पोस्त देण्याचे हेच दिवस. ज्याच्या हातावर आपण वर्षातून एकदा नोट ठेवतो, त्याला उरलेले तीनशे चौसष्ट दिवस आपण कोणते काम सांगून ठेवले आहे, हे पाहावयास दिवाळीइतका चांगला मुहूर्त कोणता?

ते काम काय आहे ते पाहावयाचे असेल तर शहरातल्या एखाद्या मोठ्या गृहनिर्माण संस्थेच्या फाटकाशी संध्याकाळी अर्धा तास उभे राहावे. संस्था ‘सहकारी’ असते, हे विसरू नये! चार घरची भांडी आणि लादी उरकून बाई बाहेर पडते. फाटकाशी तिची पिशवी उघडली जाते. पिशवीत रिकामा डबा, कोणी दिलेली जुनी साडी, मुलासाठी कागदात बांधून दिलेले दोन लाडू. साडी दिल्याची मालकिणीची चिठ्ठी आहे का? नाही? मग थांब. वर फोन लागेपर्यंत बाई भिंतीशी उभी. फोन लागत नाही, कारण मालकीण वाणसामान आणावयास गेली आहे. तेवढ्यात काळ्या काचांची मोटार येते, दांडा आपोआप वर उचलला जातो आणि खाडकन सलाम ठोकला जातो. लाडवांची पिशवी उघडली, मोटारीची डिकी उघडली नाही. हे काही त्या रखवालदाराच्या मनाने चाललेले नसते. संस्थेच्या कार्यकारिणीने तसा ठराव केलेला असतो.

आता कायदा काय म्हणतो ते पाहू. खाजगी सुरक्षा संस्थांचे नियमन करणारा केंद्राचा कायदा २००५ सालचा आहे. त्यात खाजगी सुरक्षेची व्याख्याच अशी आहे की, लोकसेवक नसलेल्या माणसाने जीविताची वा मालमत्तेची केलेली राखण. लोकसेवक नसलेल्या माणसाने! म्हणजे फाटकावर उभ्या असलेल्या गणवेशधारी माणसाला, त्याच्या टोपीवर कितीही मोठा बिल्ला असो, तुमच्या-माझ्यापेक्षा कणभरही जास्त अधिकार नाही. मग तुम्हां-आम्हांला कोणाला पकडण्याचा अधिकार किती? भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, २०२३ ही १ जुलै २०२४ पासून लागू झाली. तिच्या ४०व्या कलमाप्रमाणे सामान्य नागरिकाला दोघांनाच धरता येते: एक, ज्याने आपल्या डोळ्यांदेखत दखलपात्र आणि अजामीनपात्र असा गुन्हा केला तो, आणि दुसरा, ज्याला फरारी म्हणून न्यायालयाने जाहीर केले आहे तो. धरलेल्याला विनाकारण उशीर न करता, आणि काही झाले तरी सहा तासांच्या आत, पोलिसांच्या हवाली केले पाहिजे. संशयावरून धरण्याचा अधिकार त्यात नाही. पिशवी उपसण्याचा नाही. कबुली घेण्याचा तर नाहीच नाही.

ह्यापेक्षाही मौजेची गोष्ट पुढे आहे. नव्या कायद्यात पाच हजार रुपयांहून कमी किमतीच्या साध्या चोरीचा गुन्हा अदखलपात्र आणि जामीनपात्र ठरविला आहे. म्हणजे अशा साध्या चोरीत एरवी खुद्द फौजदारालाही मॅजिस्ट्रेटच्या हुकमावाचून अटक करता येत नाही, आणि आपला रखवालदार मात्र चोरीच्या नुसत्या वासावर बाईला केबिनीत बसवून ठेवतो! आणि असे बसवून ठेवणे हा मात्र गुन्हा आहे. माणसाला बेकायदा डांबून ठेवल्याबद्दल वर्षभराची कैद होऊ शकते. ती आधी कोणाला? ठराव करणाऱ्या चिटणीसांना नव्हे. ज्याने दार लावले त्याला. हुकूम देणारा तिसऱ्या मजल्यावर चहा पीत असतो, आणि गुन्हा घडतो तो बारा तास उभे राहून पायांना सूज आलेल्या माणसाच्या हातून.

माझ्या हाताखालून गेलेली कितीतरी मुले आज अशा फाटकांवर उभी आहेत. त्यांतला एक मध्यंतरी भेटला. वर्गात भूगोलाच्या तासाला नकाशा टांगण्याचे काम त्याचे असे. नोकरी कशी आहे म्हणून विचारले, तर म्हणाला, “गुरुजी, रात्रपाळीचं काही वाटत नाही. पण बायांच्या पिशव्या तपासायला लावतात ते नको वाटतं. त्या आमच्याच वस्तीतल्या. सकाळी त्यांच्याच नळावर पाणी भरायचं असतं.” कायद्याच्या कोणत्याही पुस्तकात ही अडचण इतक्या थोडक्यात मांडलेली मला आढळली नाही. गरिबाने गरिबावर नजर ठेवावी आणि दोघांचेही शेजारपण नासावे, अशी ही योजना आहे; आणि तिचा खर्च आपण दरमहा देखभाल-वर्गणीतून भरतो.

बरे, ज्याला एवढे सरकार चालवावयास दिले त्याला आपण शिकविले किती? २००५च्या कायद्याखाली जे नमुना-नियम झाले त्यांत १०० तास वर्गातले आणि ६० तास प्रत्यक्ष कामाचे शिक्षण सांगितले आहे, आणि ते निदान २० दिवसांत विभागून द्यावयाचे आहे. आपल्या फाटकावरच्या माणसाला विचारून पाहा. पुष्कळांचे शिक्षण म्हणजे आदल्या रखवालदाराने हाती दिलेली शिट्टी आणि पंपाचे बटन कोठे आहे ही माहिती! त्याच कायद्यात आणखी एक कलम आहे. सैन्याचा वा पोलिसांचा, किंवा तसा भास होईल असा गणवेश खाजगी रखवालदाराने घातला तर एक वर्षापर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. आणि आपण मात्र एजन्सीवाल्याला विचारतो, “जरा रुबाबदार ड्रेसवाले नाहीत का हो तुमच्याकडे?” आपल्याला रखवालदार नकोच असतो, आपल्याला आपला स्वतःचा, आपल्या हुकमातला, आपल्यापुढे वाकणारा पोलीस हवा असतो.

महाराष्ट्राने ह्या माणसांसाठी काहीच केले नाही असे नाही. खाजगी सुरक्षा रक्षकांच्या नोकरीचे नियमन व कल्याण करणारा कायदा आपण १९८१ मध्येच केला, केंद्राच्या चोवीस वर्षे आधी. त्याखाली सरकार, मालक आणि रक्षक ह्या तिघांचे प्रतिनिधी असलेली मंडळे झाली. मंडळाकडे नोंदलेल्या रक्षकाला पगार, रजा, निर्वाहनिधी ह्यांचा आधार मिळाला. पण त्याच कायद्यात सूट देण्याचीही तरतूद आहे, आणि मंडळाच्या बाहेर एजन्सीच्या दारात उभा असलेला माणूस बारा-बारा तासांच्या पाळीत तसाच राहिला. मंडळाचा माणूस महाग पडतो म्हणून एजन्सीचा घ्यावा, अशी सूचना वार्षिक सभेत आली की टाळ्या कोण वाजवितो? आपणच.

कोणी म्हणेल, पूर्वी गावात खाजगीच पहारा नव्हता का? मुळीच नव्हता. जागल्या आणि रामोशी गावाचे होते. त्यांचा वाटा गावाच्या धान्यातून निघे आणि जबाबदारीही गावापाशी असे. चोरी झाली तर चोराचा माग पुढच्या गावच्या शिवेपर्यंत काढून द्यावयाचा, नाही तर नुकसान भरून द्यावयाचे, असा दंडक होता. त्या व्यवस्थेचे मी गोडवे गात नाही. तीत जातीचा जाच होता, आणि रखवालदारालाच पहिला चोर ठरविण्याची सोयही होती. पण एक गोष्ट तीत होती: पाटलाच्या वाड्याचा रामोशी आणि कुणब्याच्या खोपटाचा रामोशी एकच होता. पुढे वतने गेली, आणि १९६७च्या ग्रामपोलीस कायद्याखाली पोलीस-पाटीलही वारसाने न येता सरकारी नेमणुकीने येऊ लागला. राखणीचे काम वतनातून काढून सर्वांच्या कायद्याखाली आणावयास आपल्याला इतका काळ लागला. आणि शहरात आल्याबरोबर आपण ते पुन्हा ज्याच्या हाती पैसा त्याचे वतन करून टाकीत आहो!

दाम देऊन चोर पकडविण्याचा प्रयोगही जगात नवा नाही. लंडनने तो तीनशे वर्षांपूर्वी करून पाहिला. सरकारी पोलीस नव्हते. चोर धरून देणाऱ्याला इनाम मिळे. ह्या धंद्यात जोनाथन वाइल्ड नावाचा एक महापुरुष निपजला. चोर त्याच्या पदरी, चोरीचा माल त्याच्या ताब्यात. ज्याचा माल गेला त्याने वाइल्डकडे जावे, बक्षीस मोजावे आणि आपलीच वस्तू घेऊन यावे. जो चोर त्याला जुमानीत नसे त्याला तो फाशी देववी आणि वर सरकारी इनाम घेई. १७२५ मध्ये अखेर त्यालाच फाशी झाली. त्याच्यावर उपरोधिक कादंबरी लिहिणारा हेन्री फील्डिंग पुढे स्वतः लंडनला मॅजिस्ट्रेट झाला, आणि १७४९ मध्ये त्याने बो स्ट्रीटवर चोर पकडणाऱ्या माणसांचे एक पथक उभे केले. आम्हां कादंबरीवाल्यांच्या हातून झालेल्या थोड्या उपयोगी कामांपैकी हे एक! त्यानंतरही ऐंशी वर्षे गेली, तेव्हा १८२९ मध्ये पीलने लंडनला नियमित सरकारी पोलीस दिले. कुंपणच शेत खाते, ही म्हण आपली असली तरी तिचा सविस्तर पुरावा लंडनच्या दप्तरात आहे.

विकतचा दंडा शेवटी कोणाच्या पाठीवर पडतो, हे पाहावयाचे तर अमेरिकेकडे वळावे लागेल. १८९२ साली पेनसिल्व्हेनियात होमस्टेड येथे कार्नेगीच्या पोलाद कारखान्यात मजुरीवरून तंटा झाला. मालकांनी कारखान्याला टाळे ठोकले आणि पिंकर्टन ह्या खाजगी पहारेसंस्थेची सुमारे तीनशे बंदूकधारी माणसे नदीतून पडावांत घालून आणविली. ६ जुलै रोजी नदीकाठी मजूर आणि पिंकर्टनची माणसे ह्यांच्यात उघड लढाई झाली. दोन्ही बाजूंची माणसे मेली. मेलेले दोन्हीकडचे लोक पोटार्थीच होते. मालक त्यांत नव्हता. दुसऱ्याच वर्षी अमेरिकेच्या काँग्रेसने कायदा करून सरकारला अशा संस्थांची माणसे नोकरीस ठेवण्यास मनाई केली. आपल्याकडेही छत्तीसगडात गावच्या अर्धशिक्षित पोरांना तुटपुंज्या मानधनावर ‘विशेष पोलीस अधिकारी’ करून बंदुका देण्यात आल्या, तेव्हा ५ जुलै २०११ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो प्रकार घटनाबाह्य ठरविला. राज्याने आपला दंडा स्वस्तात दुसऱ्याच्या हाती देऊ नये, हा त्या निकालाचा इत्यर्थ. मग तोच दंडा आपण एखाद्या इमारतीच्या ठरावाने कसा देतो?

पण गोष्ट एकाच दिशेने चाललेली नाही. इकडे खाजगी माणूस पोलीस होत आहे, तर तिकडे सरकारी पोलीस भाड्याने मिळत आहे. १९५१च्या मुंबई पोलीस कायद्यात, ज्याला आज महाराष्ट्र पोलीस अधिनियम म्हणतात, अर्ज करणाऱ्याच्या खर्चाने जादा पोलीस देण्याची तरतूद आहे. तरतूद वाईट नाही; जत्रा भरविणाऱ्याने बंदोबस्ताचा खर्च द्यावा हे न्यायाचेच आहे. पण मुंबईतल्या क्रिकेट-सामन्यांच्या बंदोबस्ताची बिले वर्षानुवर्षे थकली आणि प्रकरण उच्च न्यायालयापर्यंत गेले. ज्यांच्या खेळाडूंचा कोट्यवधींनी लिलाव होतो त्यांचे पोलिसांचे देणे थकते! केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दल १९६८च्या कायद्याने सार्वजनिक कारखान्यांसाठी निघाले. मुंबईवरील २००८च्या हल्ल्यानंतर २००९ मध्ये कायदा दुरुस्त करून, पैसे भरणाऱ्या खाजगी कंपन्यांनाही ते मिळण्याची सोय झाली. त्यात पोलीसखात्यातून निवृत्त झालेले साहेब पुष्कळदा स्वतःची एजन्सी काढतात. त्यांचा अनुभव उपयोगी पडतो, हे मान्य. पण कालच्या साहेबांच्या रखवालदाराविरुद्ध तक्रार घेऊन गेलेल्या गरिबाला ठाण्यातला आजचा हवालदार खुर्ची देईल का, हा प्रश्न ज्याचा त्याने मनाशी विचारावा.

“मग काय चोरांना मोकळे रान द्यावे?” हा प्रश्न मला ऐकू येतो. पोलीस थोडे आहेत. त्यांना मंत्र्यांच्या ताफ्यापासून गणपतीच्या मिरवणुकीपर्यंत सारे सांभाळावे लागते. घरात म्हातारी माणसे एकटी असतात, मुली रात्री उशिरा परततात. ह्यांतले एकही अक्षर खोटे नाही. भीती खरी आहे. रखवालदार ठेवूच नये असे मी म्हणत नाही, दिवा लावावा, फाटक लावावे, अनोळखी माणसाला “कोणाकडे?” म्हणून विचारावे, हाक मारताच कोणीतरी जागा असावे, हे सारे हवे. पण पहारा वेगळा आणि सत्ता वेगळी. पहारा विकत घेता येतो. थांबविणे, झडती घेणे, डांबणे ही सत्ता आहे, आणि ती विकावयाची वस्तू नव्हे. पोलीस काही देवदूत नाहीत; त्यांच्या कोठडीत काय घडते हे वर्तमानपत्रे वाचणाऱ्याला सांगावे लागत नाही. तरीही पोलिसाने धरलेल्या माणसाला चोवीस तासांत मॅजिस्ट्रेटपुढे उभे करावे लागते, ठाण्यात नोंद करावी लागते, पोलिसावर खटला होऊ शकतो, त्याच्याबद्दल विधानसभेत प्रश्न विचारता येतो. फाटकावरच्या केबिनीबद्दल विधानसभेत प्रश्न कोण विचारणार?

आणि ह्याहून मोठे नुकसान निराळेच आहे. ते मला शाळेमुळे चांगले कळते. गावोगावच्या सरकारी शाळांचे असेच झाले. ज्यांच्या शब्दाला वजन होते त्यांनी आपली मुले काढून दुसरीकडे घातली. त्या दिवसापासून शाळेच्या गळक्या छपरासाठी सभापतींच्या दारात जाऊन भांडणारा माणूस उरला नाही. उरले ते ज्यांचे कोणी ऐकत नाही ते. पोलीसचौकीचे आपण तेच करीत आहो. ज्याच्या फाटकावर तीन पाळ्यांत रखवालदार आहेत त्याला चौकीत रात्री कोणी जागे आहे की नाही, रस्त्यावरचे दिवे लागतात की नाही, ह्याची पर्वा कशाला? तो आपल्यापुरता सुटला. मागे राहिली ती वस्ती, जिथे तो रखवालदार राहतो. दिवसभर आपली तिजोरी राखणाऱ्या माणसाच्या स्वतःच्या घरी चोरी झाली, तर त्याच्यासाठी कोण धावणार?

दुसरा मार्ग असतो, आणि तो आपल्याच मुलखात चालून दाखविला गेला आहे. भिवंडीने १९७० आणि १९८४ मध्ये भयंकर दंगली पाहिल्या. पुढे सुरेश खोपडे हे पोलीस उपायुक्त तेथे आले आणि त्यांनी मोहल्ला समित्या सुरू केल्या. गल्लीगल्लीतली हिंदू-मुसलमान साधी माणसे आणि त्या भागाचा पोलीस एकत्र बसू लागले. नळाच्या भांडणापासून अफवांपर्यंत सारे तेथे बोलले जाऊ लागले. डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ मध्ये मुंबई जळत होती तेव्हा शेजारची भिवंडी शांत राहिली. तेथे कोणी एजन्सी नेमली नव्हती. फाटके उंच केली नव्हती. लोकांनी आपल्या पोलिसाला नावाने ओळखले होते आणि पोलिसाने लोकांना, एवढेच.

तेव्हा पुढच्या वार्षिक सभेत, हिशेब मंजूर करून बटाटेवड्यांकडे वळण्यापूर्वी, कोणीतरी उठून चार गोष्टी विचाराव्या. आपल्या एजन्सीकडे परवाना आहे काय, आणि तो कोणी पाहिला? आपल्या रखवालदाराचे १६० तासांचे शिक्षण झाले आहे काय? त्याला बसावयास खुर्ची, जावयास संडास आणि आठवड्याची सुट्टी आहे काय? आणि बायांच्या पिशव्या उघडण्याचा ठराव कोणत्या कायद्याखाली केला? चौथ्या प्रश्नाला उत्तर मिळणार नाही. कारण उत्तर नाहीच. मग तो ठराव तेथल्या तेथे रद्द करावा, आणि कोणाचा खराच संशय असेल तर उघडपणे ठाण्यावर जाऊन, आपले नाव घालून, तक्रार द्यावी. ज्याला आपले नाव घालण्याचे धैर्य नाही त्याला दुसऱ्याची पिशवी उघडविण्याचा हक्क नाही.

आणि त्याच सभेत एक अर्ज चौकीसाठीही करावा: ह्या भागात रात्री गस्त किती वेळा होते, चौकीत माणसे किती, फोन कोण उचलतो. एकट्या इमारतीच्या नावाने नको; मागच्या वस्तीच्या सह्या घेऊन करावा. कारण आपली मुलगी शिकवणीहून परत येते ती काही फाटकाच्या आत उगवत नाही. ती स्टेशनापासून चालत येते. त्या रस्त्यावर आपला रखवालदार नसतो. तेथे ती आणि ती लाडवांची पिशवी घेऊन घरी चाललेली बाई सारख्याच असतात, आणि दोघींना असतो तो एकच पोलीस.